क्रूस चोरणारी मुले

नोव्हेंबरच्या दोन तारखेला संध्याकाळी आपल्या दफनभूमीत जे दृश्य दिसते, ते वाचकांना नव्याने सांगायला नको. कबरी धुतलेल्या असतात, त्यांवर झेंडू आणि शेवंती वाहिलेली असते, मेणबत्त्यांच्या रांगा लागलेल्या असतात. धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडीत ओळींमधून फिरतात आणि मोठी माणसे ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत उभी असतात. या साऱ्यात एक गट मात्र आपल्याच उद्योगात दंग असतो. तो लहान मुलांचा. ओघळलेले गरम मेण खरवडून काढायचे, त्याचे गोळे वळायचे आणि कोणाचा गोळा मोठा यावर पैजा लावायच्या. एखादी आजी दटावते, एखादा बाप कान धरतो. मुले क्षणभर गप्प होतात आणि पलीकडच्या कबरीकडे सरकतात. आम्हीही लहानपणी हेच केले आहे आणि आमचेही कान धरले गेले आहेत. पुष्कळ वर्षांनी आम्हांला प्रश्न पडला, की ती मुले तेथे नुसती खेळत असतात, की आपल्या परीने मृतांपाशी काही करीत असतात?

हा प्रश्न पुन्हा वर आला तो एका जुन्या फ्रेंच चित्रपटामुळे. गेल्या नोव्हेंबरात आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनी एकत्र बसून तो पाहिला. चित्रपट संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वाद सुरू झाला. एका मातेची मुलगी पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात होती. त्या म्हणाल्या, "हे मी माझ्या मुलीला दाखवणार नाही. क्रूस चोरणे हा काय खेळ झाला?" कोपऱ्यात बसलेले एक निवृत्त शिक्षक हळूच म्हणाले, "अगं, त्यांना कोणी एक क्रूस दिला असता, तर त्यांनी चोरला असता का?" त्या दोन वाक्यांच्या मध्ये जी जागा आहे, तिच्यात उभे राहून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

चित्रपटाचे नाव ‘झ्यू अँतेरदी’, म्हणजे ‘निषिद्ध खेळ’. रने क्लेमां यांनी तो १९५२ साली पडद्यावर आणला. फ्रांस्वा बुवाये यांची १९४७ सालची कादंबरी त्याचा आधार. त्या वर्षीच्या व्हेनिस महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला आणि अमेरिकेतील ऑस्कर अकादमीनेही परभाषिक चित्रपट म्हणून त्याचा गौरव केला. पोलेटचे काम करणारी ब्रिजित फोसे ही मुलगी चित्रणाच्या वेळी अवघी पाच वर्षांची होती. पार्श्वसंगीत म्हणून नार्सिसो येपेस यांची एकटी गिटार आहे. चित्रपट कृष्णधवल आहे आणि दीड तासाच्या आतच संपतो. ही माहिती एवढ्यासाठीच दिली, की कोणाला तो शोधून पाहायचा असल्यास नाव-गाव हाताशी असावे.

कथेचा काळ जून १९४०. १० मे रोजी जर्मन सैन्याने पश्चिमेकडे मुसंडी मारली आणि १४ जूनला पॅरिस पडले. त्या पाच आठवड्यांत उत्तर फ्रान्समधील माणसे मिळेल त्या वाहनाने दक्षिणेकडे निघाली. मोटारी, बैलगाड्या, सायकली, हातगाड्या, बाळांच्या ढकलगाड्या, त्यांवर गाद्या, भांडी आणि पिंजऱ्यांतली कोंबडी. या निर्वासितांची संख्या ६० लाखांपासून १ कोटीपर्यंत सांगितली जाते. रस्ते तुंबले आणि तुंबलेल्या रस्त्यांवर विमाने झेपावू लागली. चित्रपटाची पहिली काही मिनिटे अशाच एका पुलावर घडतात. पोलेटच्या हातातून तिचे कुत्र्याचे पिल्लू सुटून पळते. ती त्याच्या मागे धावते, आईबाप तिच्या मागे धावतात. वरून गोळ्यांची रांग येते. ती निघून जाते तेव्हा आईबाप रस्त्यावर पडलेले असतात आणि मूल जिवंत असते. ते आईच्या गालाला हात लावते आणि मग स्वतःच्या गालाला. दोन्हींतला फरक त्याला कळतो, पण त्या फरकाला काय म्हणतात हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

हवाई हल्ल्याचे चित्रण पुष्कळांनी केले आहे. कोसळणाऱ्या इमारती, आगीचे लोट आणि किंकाळ्या यांनी प्रेक्षकाला दडपून टाकणे अवघड नाही. क्लेमां यांनी ते टाळले. त्यांचा कॅमेरा मुलीच्या उंचीवर राहतो, आणि म्हणून आपल्याला युद्ध दिसते ते पाच वर्षांच्या मुलीला दिसेल तेवढेच. मोठ्या माणसाच्या लेखी त्या पुलावर दोन माणसे आणि एक कुत्रा मेला. मुलीच्या लेखी अशी वेगळी मोजदाद नाही. पुढे एका गाडीवरची बाई दयाबुद्धीने तिला वर घेते आणि तिच्या कवेतले मेलेले पिल्लू पाहून ते नदीत फेकून देते. बाई दुष्ट नाही, ती व्यवहारी आहे. पण मुलगी गाडीवरून उतरते आणि वाहत चाललेल्या पिल्लाच्या मागे ओढ्याच्या काठाने चालू लागते. आईबापांना मागे सोडून ती पिल्लाच्या मागे जाते याचा काही प्रेक्षकांना राग येतो. आम्हांला वाटते, तिला जे उचलता येण्यासारखे होते तेच तिने उचलले.

ओढ्याकाठी तिला मिशेल भेटतो. तो दहा-अकरा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा, सुटलेल्या गाईच्या मागे आलेला. तो तिला दोले या आपल्या घरी नेतो. घरात गरिबी आहे, माशा आहेत, घोड्याची लाथ बसून अंथरुणाला खिळलेला थोरला भाऊ आहे. तरीही घर तिला ठेवून घेते. त्यात करुणा आहे आणि थोडी ईर्षाही आहे, कारण नाहीतर शेजारचे गुआर तिला नेतील आणि वर शाबासकी मिळवतील. दोले आणि गुआर यांचे जुने हाडवैर. आपल्याकडे बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून किंवा सणाच्या मिरवणुकीतील मानावरून तीन-तीन पिढ्या न बोलणारी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वैर समजावून सांगावे लागणार नाही.

येथून खेळ सुरू होतो. पोलेटला एकही प्रार्थना येत नाही. मिशेल तिला क्रुसाची खूण करायला शिकवतो. मेलेल्यांना खड्ड्यात पुरतात, हेही तिला त्याच्याकडूनच कळते. म्हणजे आपले आईबापही कुठल्यातरी खड्ड्यात असणार, आणि पाऊस आला तर? मग पिल्लाला पुरले पाहिजे. पण ते एकटे पडेल, म्हणून त्याच्या सोबतीला आणखी कोणी हवे. पडक्या गिरणीत एक छोटी दफनभूमी उभी राहते. मातीत बिळे करणारा एक छोटा जीव पुरला जातो, मग आणखी काही. प्रत्येकाला क्रूस हवा आणि तो सुंदर हवा. मिशेल खिळे ठोकून क्रूस बनवू लागतो, तर घरात भाऊ मरणाच्या दारात असताना हे काय चालले आहे म्हणून त्याला मार बसतो. मग तो चोरू लागतो. आधी भावाच्या शवगाडीवरचे क्रूस नाहीसे होतात, मग रात्री हातगाडी घेऊन दफनभूमीतले. एकदा तर तो वेदीवरच्या क्रुसालाच हात घालतो आणि पकडला जातो.

या साऱ्यात एक प्रसंग आम्हांला चित्रपटाचे मर्म वाटतो, आणि तो फार छोटा आहे. मिशेलच्या हातात टाक आहे. समोर एक झुरळ चालले आहे. तो टाक उंच धरतो, तोंडाने झेपावणाऱ्या विमानाचा आवाज काढतो आणि टाकाचे टोक झुरळात खुपसतो. पोलेट कळवळून ओरडते. त्यावर त्याचे उत्तर तयार असते, की मी नाही मारले, ते बॉम्बने मेले. पुलावरच्या हत्येचे सारे तत्त्वज्ञान त्या उत्तरात आले. ज्याने वरून कळ दाबली तोही हेच म्हणाला असेल. मारणारा उंचावर असतो, मरणारा खाली असतो आणि मधल्या अंतरात ‘मी’ हा शब्द गळून पडतो. गावातल्या पोराने विमान कसे असते हे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा खेळ केला. मुले युद्ध शिकतात ती अशी. त्याच टाकाने त्याला लिहिणेही शिकवले होते, हे क्लेमां मोठ्याने सांगत नाहीत. तेही बरेच झाले.

आता आमच्या सभेतील मातेच्या आक्षेपाकडे येऊ. तो हलका नाही. क्रूस हे आपल्या तारणाचे चिन्ह आहे. ते खेळणे नव्हे. आणि हा चित्रपट पाहून कोणाला वाटू शकेल, की दिग्दर्शकाला आपल्या धर्माची टर उडवायची आहे. दोले कुटुंब प्रार्थना म्हणते ती सवयीने. भाऊ शेवटच्या घटका मोजीत असताना बाप मिशेललाच प्रार्थना म्हणायला लावतो, कारण घरात त्यालाच त्या नीट येतात. मिशेल म्हणतोही, पण त्याचे मन दुसरीकडे असते. प्रार्थना पाठ आहेत. त्यांचा अर्थ मात्र त्याला कोणी सांगितलेला दिसत नाही. ही टर आहे का? आमच्या मते ही तक्रार आहे, आणि ती आपल्या घराच्या ओटीवरूनही ऐकू येण्यासारखी आहे. रोझरीच्या वेळी पेंगणाऱ्या मुलाला आपण कोपराने ढोसतो. तो जागा होऊन ‘नमो मरिया’ पूर्ण करतो. त्या प्रार्थनेच्या शेवटी आपल्या मरणाच्या वेळेचा उल्लेख आहे. त्या शब्दांवर थांबून आपण त्याच्याशी कधी बोललो आहोत का?

चित्रपटभर एक गोष्ट कोणीही करीत नाही, आणि दुसऱ्यांदा पाहताना ती आम्हांला फार बोचली. पोलेटच्या आईबापांचे काय झाले, त्यांना कोणी पुरले, कोठे पुरले, हे एकही मोठा माणूस विचारीत नाही. त्यांच्यासाठी एक प्रार्थना म्हटली जात नाही. मुलीला दूध मिळते, बिछाना मिळतो, दटावणी मिळते, क्वचित मायाही मिळते. आपल्या मृतांविषयी एक शब्द मात्र मिळत नाही. म्हणून ती स्वतःच त्यांचे अंत्यसंस्कार करू लागते. पिल्लाची कबर ही आईबापांची कबर आहे, हे तिला सांगता येणार नाही, पण पाहणाऱ्याला कळते. आपल्या धर्मशिकवणीत दयेची सात शारीरिक कार्ये सांगितली आहेत. त्यांतले सातवे मृतांना मूठमाती देणे. सहा मत्तयच्या शुभवर्तमानातून आली, सातवे तोबितच्या ग्रंथातून. निनवेच्या बंदिवासात तोबित राजाने मारलेल्या आपल्या बांधवांची प्रेते चोरून नेऊन पुरीत असे. शेजारी त्याला हसत, राजाची माणसे त्याच्या मागे लागत. सणाचे ताट बाजूला सारून तो एकदा असाच उठला होता. ‘चोरून’ हा शब्द येथे आम्ही घातलेला नाही, तो त्या कथेतच आहे. त्या दोन मुलांना तोबित भेटला असता, तर त्याने त्यांचे कान धरले नसते असे आम्हांला वाटते.

असे असले तरी चित्रपट निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. क्लेमां यांनी मुलांना जी समजूतदार नजर दिली, ती मोठ्यांना दिली नाही. दोले आणि गुआर यांचे भांडण फार्सच्या अंगाने जाते. दोन म्हातारे बाप मारामारी करीत उघड्या कबरीत पडतात, तेव्हा प्रेक्षक हसतात, पण त्या हसण्यासाठी शेतकऱ्याला विदूषक व्हावे लागले आहे. मुले निरागस आणि मोठी माणसे ओबडधोबड ही विभागणी फार सोयीची आहे. ज्या घरात स्वतःला पुरत नाही त्या घराने एका परक्या मुलीला भाकरीत वाटा दिला, हे चित्रपट दाखवतो आणि विसरून जातो. शहरी कलावंताने खेड्याकडे पाहताना होणारी ही चूक आपल्या साहित्यातही पुष्कळ वेळा झाली आहे.

धर्मगुरूंच्या चित्रणावर आमचा आक्षेप अधिक गंभीर आहे. मिशेल त्यांच्यापाशी पापनिवेदन करतो आणि शवगाडीवरचे क्रूस आपण घेतल्याचे सांगतो. पुढे दफनभूमीतील मारामारी थांबवताना क्रूस मिशेलने नेले हे धर्मगुरूच उघड करतात. पापनिवेदनात ऐकलेले कोणत्याही कारणाने उघड करता येत नाही, हे आपल्या वर्गातील मूलही जाणते. त्यांनी मिशेलला वेदीपाशी पकडले होते, म्हणून संशयाला दुसरा आधार होता असा बचाव कोणी करील. पण मुलाच्या दृष्टीने विश्वास मोडला तो मोडलाच. पटकथाकारांनी हे अज्ञानाने लिहिले की जाणून लिहिले, यावर वाद होऊ शकेल. जाणून लिहिले असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की या गावात मुलाला विश्वासाने बोलायला एकही मोठे माणूस उरले नव्हते. पुढे बापही तेच करतो. पोलेटला पाठवणार नाही असे वचन देऊन तो क्रुसांचा ठावठिकाणा काढून घेतो आणि लगेच कागदावर सही करतो. मिशेल धावत गिरणीत जातो आणि एकेक क्रूस उपटून ओढ्यात फेकतो. मुलांनी क्रूस चोरले तेव्हा ते विटंबना करीत नव्हते. विटंबना झालीच असेल तर ती या क्षणी होते, आणि तिचे मूळ मोडलेल्या वचनात आहे.

शेवटी रेड क्रॉसच्या गर्दीत पोलेट एकटी बसलेली दिसते. गळ्यात नावाची चिठ्ठी. जवळची धर्मभगिनी क्षणभर दूर जाते. गर्दीत कोणीतरी कोणालातरी ‘मिशेल’ म्हणून हाक मारते. मुलगी उठते, ते नाव घेत धावू लागते आणि धावताधावता तिच्या तोंडून आईची हाक निघते. इतका वेळ तिने आईला हाक मारलेली नव्हती. येथे चित्रपट संपतो. तिचे पुढे काय झाले हे सांगितलेले नाही आणि सांगण्यासारखे काही नाहीही.

या चित्रपटाशेजारी आम्ही एक जपानी कृती ठेवू इच्छितो. अकियुकी नोसाका यांनी १९६७ साली ‘होतारु नो हाका’, म्हणजे ‘काजव्यांची कबर’, ही कथा लिहिली आणि इसाओ ताकाहाता यांनी १९८८ साली तिच्यावर चित्रपट केला. १९४५ च्या जूनमध्ये कोबे शहरावर अग्निबॉम्ब पडतात. सेइता आणि त्याची धाकटी बहीण सेत्सुको यांची आई भाजून मरते. मुले आधी नातेवाइकांकडे आणि मग गावाबाहेरच्या एका खोदलेल्या आश्रयस्थानात राहतात. अंधारात सोबत म्हणून ते काजवे पकडतात. सकाळी काजवे मेलेले असतात. सेत्सुको त्यांच्यासाठी खड्डा खणते, कारण आईलाही असेच पुरले आहे हे तिच्या कानावर आलेले असते. फ्रान्समधील पाच वर्षांची कॅथलिक मुलगी आणि जपानमधील चार वर्षांची मुलगी, दोघींना एकमेकींची भाषा, देश, देव काहीच ठाऊक नाही. दोघी एकच कृती करतात. सेत्सुकोजवळ क्रूस नाही. पण मेलेल्याला उघड्यावर टाकायचे नाही, एकटे टाकायचे नाही, हे तिलाही कोणी न शिकवता कळते. धर्मशिक्षण या कळण्याच्या आधी येत नाही. ते या कळण्याला शब्द आणि आशा देते. निदान द्यायला हवे.

नोसाका यांच्या कथेला आणखी एक बाजू आहे. ती त्यांची स्वतःची आठवण आहे. कोबेच्या हल्ल्यात त्यांचे दत्तक वडील गेले आणि त्यांची लहानगी बहीण त्याच उन्हाळ्यात उपासमारीने मेली. बहिणीच्या वाट्याचे अन्न आपण खाल्ले, हे नोसाका यांनी पुढे उघडपणे सांगितले. कथेतला सेइता बहिणीसाठी झिजतो आणि शेवटी मरतो. प्रत्यक्षातला भाऊ जगला आणि लेखक झाला. म्हणजे लेखकाने कथेत स्वतःला होता त्याहून चांगला भाऊ बनवले आणि त्या चांगल्या भावाला मरण दिले. ताकाहाता हेही अशा आठवणीतून आलेले. २९ जून १९४५ च्या ओकायामावरील हल्ल्यात, वयाच्या नवव्या वर्षी, ते अनवाणी आगीतून पळाले होते.

येथे आम्हांला बालपणीच्या युद्धस्मृती लिहिणाऱ्या सर्वांविषयी काही म्हणायचे आहे, आणि त्यात आम्हीही आलो. ३ डिसेंबर १९७१ ला युद्ध पेटले, तेव्हा मुंबईच्या आसपास रात्री दिवे मालवले जात. खिडक्यांना काळे कागद चिकटवले जात, गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवलेले असत. त्या दिवसांविषयी आमच्या पिढीने आजवर जे सांगितले, ते बहुतेक शौर्याचे आहे. शौर्य खरेही होते. कच्छमधील माधापर गावच्या सुमारे ३०० स्त्रियांनी भूजची बॉम्बने उखडलेली धावपट्टी ७२ तासांत पुन्हा उभी केली, आणि ती आठवण जपण्यासारखीच आहे. पण आमची स्वतःची आठवण प्रामाणिकपणे सांगायची तर आम्हांला विमानांपेक्षा मोठी चिंता होती ती एकच. या वर्षी नाताळचा तारा लावू देतील की नाही? आणि अंधारात आम्ही विमान-विमान खेळत होतो. हात पसरून धावायचे, तोंडाने आवाज काढायचा आणि धाकट्यांवर झेप घालायची. आमच्यावर बॉम्ब पडला नाही, म्हणून तो खेळ खेळच राहिला. मोठेपणी ही आठवण सांगताना आम्ही खेळ वगळतो आणि देशप्रेम घालतो. नोसाका यांनी वगळले नाही. आठवणींच्या लेखनाची कसोटी आम्हांला येथे दिसते. आपल्याला शोभणारे तेवढे सांगितले, की ते भाषण होते. जे सांगताना मान खाली जाते तेही सांगितले, तर ते साहित्य होऊ लागते.

आणि मोठ्यांची क्रुसांशी असलेली नाती तरी मुलांहून किती वेगळी आहेत? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला तेव्हा आपल्या समाजाच्या गावठाणांतून कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस उभे राहिले. त्यांतले कित्येक आजही उभे आहेत आणि त्यांच्यापाशी संध्याकाळी दिवा लागतो. मरण दारात आले, ते का आले हे कळेना, म्हणून माणसांनी आपल्या मृतांशेजारी आणि जिवंतांसमोर क्रूस रोवला. पडक्या गिरणीत मिशेल आणि पोलेट यांनी दुसरे काय केले? फरक इतकाच, की आपल्या पूर्वजांना क्रूस उभारायला धर्मग्राम सोबत होता. त्या दोघांना सोबत फक्त एकमेकांची होती.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२०-२१ च्या साथीत आपल्यातील अनेक घरांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शनही घेता आले नाही. आजोबा रुग्णालयात गेले आणि परत आले नाहीत, एवढेच नातवंडांना कळले. त्यांना दफनभूमीत नेले नाही, कारण नेता येत नव्हते. पुढे नेता येत असतानाही पुष्कळांनी नेले नाही, कारण मुलांना कशाला, असे वाटले. दूरच्या युद्धांतील मुलांच्या बातम्याही आपण जेवताना पाहतो. गाझामधील पवित्र कुटुंब या आपल्या छोट्याशा धर्मग्रामाच्या आवारावर जुलै २०२५ मध्ये हल्ला झाला आणि तिघे मेले. त्या आवारात आसरा घेतलेली मुले आज कोणता खेळ खेळत असतील, याचा विचार हा चित्रपट पाहिलेल्या माणसाला टाळता येणार नाही.

तेव्हा आमच्या सभेतील त्या मातेला आमचे उत्तर असे. लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये, येथे आम्ही तुमच्याशी सहमत आहोत. तो मुलांविषयी आहे, मुलांसाठी नाही. पण आईबापांनी तो अवश्य पाहावा, आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीच्या वर्षात तर जरूर पाहावा. प्रार्थना पाठ झाली का, या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न मुलाला विचारावा, की तुला कोणाची आठवण येते? आणि त्याने मेलेल्या पोपटाला किंवा मांजरीच्या पिल्लाला परसात पुरले, वर दोन काटक्यांचा क्रूस खोवला, तर त्याला हसू नये आणि दटावूही नये. शक्य असेल तर क्षणभर त्याच्याशेजारी उभे राहावे.

त्या निवृत्त शिक्षकांचे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो होतो. येत्या दोन नोव्हेंबरला आम्ही दफनभूमीत जाऊ तेव्हा मेण गोळा करणारी मुले तेथे असतीलच. त्यांच्यातल्या एखाद्याला जवळ बोलावून, ज्या कबरीवरचे मेण तो खरवडतो आहे ती कोणाची, हे त्याला सांगायचे आम्ही ठरवले आहे.